पूर ओसरला तरी पावसाची भीती: हवामानाच्या माऱ्याखालच्या माणसांसोबत समुपदेशकांनी काम कसं करावं

मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाला आपण उपचारात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: ते घडून गेलं, आता तुम्ही सुरक्षित आहात. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला हे सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, घर धुऊन-पुसून उभं केलं, तोवर जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि नदीकाठच्या शेतांत तर मातीच खरवडून गेली. अशा माणसाला ढग दाटून आले की पोटात गोळा येतो, आणि त्याची भीती चुकीची नसते.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले सहकारी आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या आशाताई यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: भीती खरी आहे हे आधी मान्य करा, आणि ती एकट्यानं वाहावी लागू नये अशी व्यवस्था त्या माणसासोबत बसून उभी करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिल्या आठवड्यात: आधी गरजा, मग गोष्ट

पूरग्रस्तांना शाळेत किंवा मंगल कार्यालयात हलवलेलं असतं. तिथे पोचल्यावर वही काढून "काय झालं ते सांगा" असं सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात तीनच क्रियापदं आहेत: पाहा, ऐका, जोडा. सगळ्यांना गोल बसवून घडलेला प्रसंग एकाच बैठकीत बोलायला लावणं टाळावं, असं हीच संघटना सांगते. ज्याला बोलायचंय तो बोलेल. ज्याला गप्प बसायचंय त्याच्या शेजारी बसा, चहा द्या.

पाहायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का? पाळीच्या पॅडची सोय आहे का? फोन चार्ज करायला जागा आहे का? नातेवाइकांशी बोलणं होईपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर येत नाही. त्यानंतर दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात, कारण त्या कुणी आपणहून सांगत नाही.

एक, कुणाच्या रोजच्या गोळ्या वाहून गेल्या आहेत का? फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक तुटल्या की चार-आठ दिवसांत छावणीतच आजार उसळतो. जुनी चिठ्ठी नसली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातून नोंद काढून त्याच दिवशी गोळ्या सुरू करून घ्या. दोन, रोज पिणारे कोण आहेत? दारू एकाएकी बंद झाली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना झटके येतात, भास होतात. लोकांना वाटतं पुराच्या धक्क्यानं वेड लागलं. त्याला उपचार लागतात, तेही वेळेत, म्हणून डॉक्टरला लगेच दाखवा.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. झोप नाही, दचकतो, रडू येतं, एवढ्यावर सरसकट झोपेच्या-शांतपणाच्या गोळ्या लिहू नका. धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा लक्षणांसाठी त्या देऊ नयेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ पासूनची शिफारस आहे. बहुतेकांची झोप डोक्यावर छप्पर आलं, माणसं भेटली की हळूहळू परत येते.

दरडीच्या गावांचं दुःख आणखी वेगळं असतं. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत, आणि शोध थांबवावा लागला. ज्याचं माणूस असं मातीखाली राहिलं, त्याला "आता स्वीकारा" म्हणणं क्रूरपणा आहे. मृतदेहाशिवाय विधी करायचा की नाही, कधी, कुठे, हे घरातल्यांना आणि समाजातल्या जाणत्यांना ठरवू द्या. इर्शाळवाडी ठाकर समाजाची वाडी होती, त्यांच्या रीती त्यांच्या. आपल्याला माहीत असलेला दहाव्या-तेराव्याचा हिशेब त्यांच्यावर लादू नका. विचारा, ऐका, आणि त्या दिवशी बोलावलं तर जा.

बोलणं सुरू करताना

"तुम्हाला नैराश्य आहे का?" या प्रश्नाला गावात उत्तर मिळत नाही. "झोप कशी लागते?", "जेवण जातं का?", "पेरणी झाली का? बियाणं रोखीनं आणलं की उधारीवर?" या प्रश्नांना मिळतं. लोक मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात: डोकं जड होतं, छातीत धडधडतं, अंगात काही राहिलं नाही, कशात मन लागत नाही. हेच शब्द नोंदीत उतरवा आणि पुढच्या भेटीत तेच वापरून विचारा.

नदीकाठच्या गावात होणारं एक संभाषण पाहा.

"काका, रात्री पाऊस लागला की काय होतं?"

"काय व्हतंय मॅडम. उठून बसतो. बॅटरी घेऊन कट्ट्यावर जातो."

"मग?"

"मग काय, पाणी कुठवर आलंय बघत बसतो. मालकीण म्हणती झोपा जरा. पर झोप कुठली?"

इथे दोन उत्तरं जिभेवर येतात. "काही होणार नाही काका, काळजी करू नका" हे एक, आणि श्वासाचा व्यायाम शिकवणं हे दुसरं. पहिलं खोटं आहे. दुसरं उपयोगी आहे, पण आत्ता नाही. आत्ता म्हणायचं ते असं: "पाण्यावर लक्ष ठेवता ते बरोबरच आहे. पण ते रात्रभर तुम्ही एकट्यानंच ठेवायचं का, ते आपण बघू."

मग कागद घ्या. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे काठावरच्या पोरांनाही पाठ असतात आणि पावसाळ्यात रोज जाहीर होतात. पातळी किती झाली की जनावरं हलवायची, किती झाली की म्हाताऱ्या आईला पाहुण्यांकडे पोचवायचं, सातबारा-आधार-पासबुकाची पिशवी कुठे टांगायची, हे काकांकडूनच लिहून घ्या. गल्लीतल्या चार घरांत रात्रीच्या पाळ्या लावा: कुणी दहा ते एक, कुणी एक ते चार. ज्याची पाळी नाही त्यानं झोपायचं, काही झालं तर उठवणारा आहे. श्वासाचा व्यायाम आता शिकवा. पाळी संपवून अंथरुणावर पडल्यावर तो कामाला येतो.

असा आराखडा करणं म्हणजे उपचार सोडून समाजसेवा, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला ते पटत नाही. भीतीचं कारण खरं असतं तेव्हा तयारी हाच चिंतेवरचा उपचार असतो.

दुःख कुठवर, आजार कुठून

पीक गेल्यावर रडणं, चिडणं, आठवडाभर जेवण न जाणं हा आजार नाही. त्याला आजाराचं नाव दिलंत तर दोन नुकसानं होतात. माणसाला वाटतं दोष माझ्यात आहे, आणि ज्यांनी मदत पोचवायची ते सुटतात.

पण उलटी चूकही तितकीच होते: "अशा परिस्थितीत कुणालाही असंच वाटेल" म्हणून खऱ्या आजाराकडे दुर्लक्ष. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास, आंघोळ-जेवण सुटलेलं, बैलांना पाणी दाखवायचंही भान नाही, लेकरांशी बोलणं बंद असं असेल तर नीट तपासणी करा. पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते पाहणारी नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत आहे, पण ती वाचून दाखवताना गप्पांच्या ओघात विचारा, परीक्षा घेतल्यासारखी नको.

तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो कधीही वगळू नका. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. सरळ विचारा: "इतका त्रास झाला की जगणं नको वाटतं, असं कधी मनात आलं का?" उत्तर हो असेल तर तिथून उठू नका. आत्ता विचार आहे का, काही ठरवलंय का, याआधी प्रयत्न झाला होता का, हे शांतपणे विचारा. फवारणीची औषधं घरात असतील तर घरच्यांशी बोलून ती त्याच दिवशी घराबाहेर, शेजारी किंवा भावकीत कुणाच्या ताब्यात द्या. पुढचे काही दिवस हा माणूस एकटा राहणार नाही, कोण कधी सोबत असेल, हे नावानिशी ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याच फोनमध्ये साठवा आणि आपल्यासमोर एकदा लावून पाहा. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीत मिळते. ठाम बेत असेल किंवा माणूस सुरक्षितपणाची हमी देऊ शकत नसेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. उद्यावर टाकू नका.

पोलिसांच्या भीतीनं घरचे आधीचा प्रयत्न लपवतात. त्यांना सांगा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो. त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पैशाची गाठ

संशोधक टॅमा कार्लटन यांचा भारतातल्या तापमान आणि आत्महत्यांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिकांच्या हंगामात तापमान २० अंशांच्या वर असताना एका दिवसाला १ अंश वाढ झाली की देशभरात सरासरी ६७ आत्महत्या वाढतात, असं त्यात दिसलं. हंगामाबाहेरच्या तेवढ्याच उन्हाचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे ऊन मनापर्यंत पोचतं ते बऱ्याच अंशी पिकाच्या वाटेनं. कर्ज, पीकविमा, पंचनामा यांबद्दल काही माहीत नसलेला समुपदेशक मराठवाड्यात अर्धंच काम करू शकतो, असं मी म्हणतो ते यामुळे.

तुमच्या मंडळातला तलाठी कोण, कृषी सहायक कोण, बँकेतला कर्जाचं पाहणारा माणूस कोण, विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कुठे, याची नावं-फोनसहित एक यादी बॅगेत ठेवा. भेटीत विचारा: पंचनामा झाला का? यादीत नाव आलं का? खातं आधारला जोडलंय का? बँकेचं किती, सोसायटीचं किती, सावकाराचं किती? हे कागदावर मांडणंच कित्येकदा माणसाला हलकं करतं, कारण तोवर सगळं मिळून एक डोंगर असतो. पैसे मिळवून देण्याचं आश्वासन मात्र कधी देऊ नका. अर्ज भरायला सोबत बसू शकता, कार्यालयात सोबत जाऊ शकता, तेवढंच कबूल करा आणि तेवढं नक्की करा.

ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला, तिथल्या बाईकडे बहुतेक कार्यक्रम फक्त मदतीच्या चौकशीपुरते जातात. एक लाखाच्या मदतीचं प्रकरण पात्र ठरतं की अपात्र, यात घर अडकतं. अपात्र ठरलं तर नवऱ्याचं मरणच खोटं ठरवल्यासारखं तिला वाटतं. जमीन तिच्या नावावर लागली का, सासरी राहू देतात का, गाव दोष कुणाला देतं, हे तिला एकटीला भेटून विचारा. दीर किंवा सासरा समोर बसले असतील तर ती "सगळं बरं आहे" एवढंच म्हणणार.

थोडं काम, पुन्हा पुन्हा

नैराश्याची लक्षणं असलेल्यांसाठी आपल्या शेजारीच तपासलेली पद्धत आहे. गोव्यात संगाथ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या प्रशिक्षित स्थानिकांकडून सहा ते आठ भेटींचं समुपदेशन करून पाहिलं आणि ते उपयोगी ठरलं. गाभा साधा आहे: मनाला उभारी येण्याची वाट न पाहता हातून छोटी, अर्थपूर्ण कामं सुरू करायची, मग मनही हळूहळू मागून येतं.

आपल्याकडे यात एक अडचण येते. पुस्तकातली यादी म्हणते, रोजचं आवडतं काम परत सुरू करा. ज्याचं शेतच खरवडून गेलं, त्याला शेतावर चक्कर मारायला सांगणं म्हणजे रोज जखमेवरची खपली काढायला लावणं. पहिले दोन आठवडे शेत सोडून द्या. जनावरांचा चारा-पाणी, मुलीला शाळेत सोडणं, संध्याकाळी पारावर अर्धा तास, अशापासून सुरू करा. शेतावर पहिल्यांदा जाईल तेव्हा भाऊ किंवा मित्र सोबत हवा, आणि तिथे करायचं एखादं ठरलेलं काम हवं: बांध कुठे फुटला ते बघणं, विहिरीतला गाळ किती ते मोजणं.

उन्हाळा आणि गोळ्या

या गोष्टीकडे मानसोपचारतज्ज्ञांचंही फार कमी लक्ष जातं. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात लिथियम (मनाच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजारावरचं औषध) घेणारा माणूस दिवसभर मजुरी करत असेल, तर अंगातलं पाणी-मीठ कमी होऊन लिथियमची रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. त्यात अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली तर धोका आणखी वाढतो. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलटी-जुलाब, जीभ जड होणं अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठायचं. हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. मार्चअखेर रक्ततपासणी करून घ्या.

भास-संशयाच्या आजारावरच्या बऱ्याच गोळ्या, त्यांच्याबरोबर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल आणि नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन यांनी घाम कमी येतो किंवा शरीराचं तापमान आवरत नाही. हे रुग्ण तहान लागली तरी सांगत नाहीत, कधी भर उन्हात स्वेटर घालून बसतात. कुणी कधी पाणी द्यायचं हे घरच्यांशी बोलून ठरवा, कामाची वेळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी ठेवा. पत्र्याच्या घरात गोळ्यांची पाकिटं पत्र्याखालच्या फळीवर नकोत, माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवा. आणि उन्हाच्या भीतीनं मनानं गोळ्या बंद करू नका, हे दर भेटीत सांगा.

पुण्यातली मुलं

२०२१ मध्ये लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या संशोधन नियतकालिकात दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. ५९ टक्के जण हवामानबदलाबद्दल खूप किंवा अतिशय चिंतेत होते. शहरातल्या अशा मुलांना "एवढा विचार करू नकोस" म्हणू नका. त्यांचं वाचन तुमच्यापेक्षा जास्त असतं. बातम्या बघण्याची वेळ ठरवून घ्या, झोपण्याआधी फोन नको, आणि नदी, टेकडी, पाणथळ जागा यांवर काम करणाऱ्या एखाद्या गटाशी जोडून द्या. एकट्यानं वाचत बसणाऱ्यापेक्षा चौघांत काम करणाऱ्याला ही चिंता पेलते.

पण मला जास्त काळजी वाटते ती सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी बसलेल्या बीड-धाराशिवच्या मुलांची. घरी पीक गेलेलं असतं, वडील फोनवर "तू अभ्यास कर, इकडची काळजी करू नको" म्हणतात, आणि हा मुलगा मेसचा डबा एक वेळचा करतो. पोटभर जेवताना त्याला अपराधी वाटतं. समुपदेशनाला तो येतो "लक्ष लागत नाही" म्हणून. त्याला गावाचं नाव विचारा, तिथे पाऊस किती झाला ते विचारा, जेवतोस का ते विचारा. घरी एक मोकळा फोन करायला लावा, त्यात दोन्हीकडून खरी परिस्थिती बोलली जाईल असं पाहा. फीची मुदतवाढ, मेसची सवलत यासाठी तुमचं पत्र कामाला येत असेल तर लगेच द्या.

वर्षाचं वेळापत्रक आणि आशाताई

दुसऱ्या आपत्तींत आपण घटनेनंतर जातो. इथे हंगाम माहीत आहे, तेव्हा आधीच जायला हवं. माझ्या मते भेटींची वही तारखांऐवजी हंगामानं लावावी. फेब्रुवारी-मार्च गारपिटीचे दिवस. एप्रिल-मे टँकरचे आणि उन्हाचे. जूनमध्ये पाऊस ओढ देतो, दुबार पेरणीचं संकट येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस हातातोंडाशी आलेला घास नेतो. त्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्चपर्यंत गावात नसतात. त्यांच्या भेटी निघण्यापूर्वी उरका, आणि गोळ्या सुरू असतील तर कारखान्याच्या भागातलं आरोग्य केंद्र आधी गाठून ठेवा. ज्यांना मागच्या वर्षी त्रास झाला, त्यांच्याकडे हंगाम सुरू होण्याआधी एक फेरी हवीच.

ही फेरी प्रत्यक्षात मारते ती आशाताई. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या राज्याच्या प्रेरणा प्रकल्पातही विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी तीच पोचली. तिच्या घरातही पाणी शिरलेलं असतं, तिच्या नवऱ्याचंही सोयाबीन गेलेलं असतं, आणि तीच दुसऱ्यांना मरणाचे प्रश्न विचारत फिरत असते. आठवड्याच्या बैठकीत आकडे मागण्याआधी तिच्या घरचं विचारा. आत्महत्येचा विचार सांगणारा माणूस तिला भेटला तर ती कुणाला फोन करेल आणि तो फोन रात्रीही कोण उचलेल, हे नावानिशी लिहून तिच्या हातात द्या. ज्या घरात तिच्या ओळखीचं माणूस गेलं, तिथली पुढची भेट तिच्याऐवजी दुसऱ्या ताईला द्या. प्रकल्पाची मुदत संपायच्या महिनाभर आधी चालू रुग्णांची यादी, गोळ्यांच्या नोंदी आणि पुढच्या हंगामाच्या भेटी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि जिल्ह्याच्या चमूकडे समोरासमोर बसून सोपवा, आणि रुग्णांनाही नव्या माणसाला आपल्यासोबत एकदा भेटवा.